गुलाबाला आमच्या घरी काय म्हणतात

शब्द : गुलाब
मूळ : फारसी
आपला शब्द : वासकाटी
गाव : वेल्हे
घरधन्याचे नाव :

ही त्याची चिठ्ठी. पत्त्याच्या पानाएवढी. शेवटची ओळ त्याने कोरी सोडली आणि पुढचे तीन महिने त्या कोऱ्या ओळीतून निघाले.

बाभळीचा काटा त्याच्या सायकलीत बरोबर आमच्या दारापुढे रुतला, यात माझा काही हात नव्हता. नंतरचं सगळं मात्र मी केलं.

साल एकोणीसशे अडतीस. दसरा होऊन आठवडा झालेला, खाचरांतली भातं पिवळी पडायला लागलेली. मी ओसरी सारवून हात धूत होते.

"घरात कोणी आहे का? घमेलंभर पाणी मिळेल?"

"घमेलंभर? प्यायला?"

"छे! ट्यूब बुडवायला."

मी घमेलं भरून त्याच्यापुढे ठेवलं. तो उकिडवा बसून ट्यूब पाण्यात फिरवत राहिला, बुडबुडे कुठून येतात ते बघत. अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी, खांद्याला कापडी पिशवी. सरकारी माणूस वाटत नव्हता. सरकारी माणूस स्वतः ट्यूब बुडवत नाही.

आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, "सगुणे, पानी हाय तर त्या वासकाटीलाबी घाल तांब्याभर. कालपास्नं मान टाकलीया तिनं."

त्याचा हात पाण्यातच थांबला. बुडबुडे येत राहिले.

"मावशी, कशाला म्हणालात?"

आईने हनुवटीने दाराशेजारचं झाड दाखवलं. त्याला दोन फुलं होती, एक कळी.

"त्याला... त्याला तुम्ही वासकाटी म्हणता?"

"मग काय म्हनायचं?"

त्याने ओले हात सदऱ्याला पुसले, पिशवीतून चिठ्ठी काढली, दौत काढली, आणि मांडीवर वही ठेवून लिहायला लागला. लिहिता लिहिता विचारलं, "घरधन्यांचं नाव काय, मावशी?"

आईने पदर पुढे ओढला, सूप उचललं आणि आत गेली.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"लिहा नंतर," मी म्हणाले.

*

माझ्या वडिलांचं नाव गुलाबराव. सगळं वेल्हे त्यांना आबा म्हणायचं, त्यामुळे ते नाव कागदोपत्री तेवढं उरलं होतं. आई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसे. तेव्हा कुठलीच बाई काढत नसे. लग्न झालं त्याच वर्षी आबांनी भोरहून गुलाबाची फांदी आणून दाराशी लावली. मुद्दाम लावली, असं माझं आजही मत आहे. फूल आलं की ते आईला विचारायचे, "अगं, आज कशाला फूल आलंय?"

आई चार दिवस गप्प बसली. पाचव्या दिवशी म्हणाली, "वासकाटीला."

एवढीच त्या शब्दाची कुळकथा. वेल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही घरात तो नव्हता. आम्ही पोरंसुद्धा उंबऱ्याबाहेर गुलाबच म्हणायचो.

हे मी त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण त्याच्या नाकाच्या शेंड्याला ट्यूबचं काळं लागलं होतं, आणि शाई वाळावी म्हणून तो चिठ्ठीवर हळूच फुंकर घालत होता — दुधावरची साय बाजूला करतात तशी. सांगवेना.

*

पुढच्या बुधवारी तो परत आला. सायकल धड होती.

"आज काय मोडलं?" मी विचारलं.

"काही नाही. शास्त्रीबुवांनी पाठवलंय."

मग सगळं कळलं. त्याचं नाव मानसिंग. वरवे बुद्रुकच्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा, सातवीची फायनल पास झालेला. मास्तरकी मिळेपर्यंत भोरला श्रीपादशास्त्र्यांच्या हाताखाली काम करत होता. शास्त्रीबुवा एक पुस्तक लिहीत होते. परमुलखातून मराठीत येऊन बसलेले शब्द एका बाजूला, आणि त्यांच्या जागी वापरायचे आपले शब्द दुसऱ्या बाजूला. काही शब्द शास्त्रीबुवा पोथ्यांतून काढत, काही मानसिंग गावोगाव हिंडून आणत असे. मंगळवारी तो वरव्याला घरी मुक्काम करायचा आणि बुधवारी डोंगराकडची गावं धरायचा. पुस्तक निघालं की शास्त्रीबुवा त्याला मास्तरकीसाठी शिफारस लिहून देणार होते.

"वासकाटी ऐकून शास्त्रीबुवा पाटावरून उठले," तो म्हणाला. "म्हणाले, राज्यं आली न् गेली, पण डोंगरातल्या एका बाईनं फुलाचं नाव सांभाळून ठेवलं."

"कोन बाई?" आई.

"तुम्ही, मावशी."

"म्या कशाला सांभाळतीया? मेलं आपापलं वाढतंय."

मी सातवीपर्यंत भोरला मामाकडे राहून शिकले होते. त्यामुळे माझ्या लग्नाला गावाच्या मते उशीर झाला होता, आणि त्यामुळेच बहुतेक मला प्रश्न विचारायची खोड होती.

"गुलाब फारसी, म्हणजे काय?"

"गुल म्हणजे फूल. आब म्हणजे पाणी. त्यांच्याकडे गुलाब म्हणजे फुलाचं पाणी. लग्नात शिंपडतात ते."

"मग फुलाला काय म्हणतात?"

"नुसतं गुल."

"म्हणजे आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं?"

"वाटेत कुठेतरी अदलाबदल झाली."

"त्यांना कळवलं का?"

तो हसला. पहिल्यांदाच. मग खाली बघून, जरा अडखळत म्हणाला, "त्याचं एक भावंडही आहे. पण ते... ते जाऊ दे."

"जाऊ दे म्हणून कसं? नात्यातलं माणूस हाय."

"अरब लोकांना ग म्हणता येईना, त्यांनी ज केला."

मी मनातल्या मनात ग काढून ज घातला. "जुलाब?"

त्याने अगदी गंभीरपणे मान हलवली. "तिकडचे हकीम कडू औषध त्या गोड पाण्यातून द्यायचे. पुढे लोक पाणी विसरले. औषध राहिलं, आणि त्याला पाण्याचं नाव राहिलं."

"म्हणजे ह्या फुलाचं न् पोट साफ करायच्या औषधाचं नातं हाय?"

"सख्खं."

"मग उद्या कुणी कुणाला गुलाब दिला तर—"

"तर घेणाऱ्यानं मूळ विचारू नये," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

"काय गं दात काढतीस?" आईने आतून विचारलं.

"काही नाही. औषधाचं बोलतोय."

निघताना त्याने कोपऱ्यातल्या घमेल्याकडे बोट केलं. "हा शब्दसुद्धा परका, पोर्तुगीजांचा. त्यांच्याकडे लाकडी काठवटीला म्हणतात. तुमच्या घरात ह्याला काही जुना शब्द...?"

नव्हता. घमेल्याला घमेलं म्हणायचो. पण नाही म्हटलं असतं तर तो शब्दासाठी दुसऱ्या गावाला गेला असता, आणि गावं काय कमी आहेत?

"आठवून सांगते," मी म्हणाले. "बुधवारी या."

*

बुधवार. घमेलं : उचलपाटी.

बुधवार. चावी : उघडणी. (हाही पोर्तुगीजांचा. "त्यांनी आपल्याला कुलपाची चावी दिली आणि किल्ला घेतला," तो म्हणाला. मी हसले नाही. मग तोच हसला.)

बुधवार. साबण : मळकाढ्या. आई आतून बाहेर आली. "आपुन साबनाला कवा गं मळकाढ्या म्हनलं?"

"आजी म्हणायची."

"तुझी आजी साबन बघायच्या आदी गेली."

त्याने ऐकलं नाही. ऐकलं असेल तर लिहून झालं होतं.

बुधवार. खिसा : अंगझोळी. त्या दिवशी कार्तिकातला पाऊस आला, कुणी न बोलावलेला. कापलेलं भात झाकायला आबा आणि सगळी माणसं खाचराकडे धावली. तो ओसरीत भिजून उभा. टोपी गळत होती, बाह्या गळत होत्या. पण चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याने सदऱ्याच्या आत, छातीशी धरला होता. तो कोरडा होता — वरच्या दोन सोडून. त्या दोन मी चुलीच्या कडेला धरल्या. तो समोर बसून शेकत होता. कागद उलटायला आमचे दोघांचे हात एकदम गेले. त्याने आधी काढला. मी नंतर. कागद थोडा करपला.

"गेला शब्द," मी म्हणाले.

"पाठ आहे," तो म्हणाला.

एका बुधवारी एकच शब्द देत होते मी. दोन दोन दिले असते तर लवकर संपले असते. दिवाळीचा बुधवारसुद्धा त्याने चुकवला नाही. असे आठ शब्द झाले. तांदूळ निवडता निवडता जुळवायचे, मनात दोनतीनदा म्हणून बघायचे, जुने वाटतात का. आईची वासकाटी धरून नऊ.

मार्गशीर्षात घरापुढच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती, आई सुपाने पाखडत होती. आबा पलीकडच्या शेतावर गडी बोलवायला गेलेले. मानसिंग आला तो सायकल उभी न करता तशीच गवतावर टाकून.

"बघा!"

लांबट कागद होता, ओल्या शाईच्या वासाचा. छापखान्यातला कच्चा छाप. चुका तपासायला काढतात तो. त्यावर आमचे नऊच्या नऊ शब्द, ओळीने, आणि खाली छापलं होतं: *वेल्हे येथील एका जुन्या घरात हे शब्द अद्याप नांदत आहेत.*

छापलेला मळकाढ्या फार खरा दिसत होता. मला भीती वाटली ती तेव्हा.

"संक्रांतीच्या आत पुस्तक," तो म्हणाला. "शिफारस लिहून देतो म्हणालेत. मास्तरकी पक्की समजा. मग... मग मी थोरल्या भावाला घेऊन येणार आहे."

"कुठं?"

"इथं. तुमच्या आबांना भेटायला."

"कशाला?"

"शब्द विचारायला नाही," तो म्हणाला, आणि भाताची एक लोंबी उचलून तिचे दाणे काढत बसला.

आता हे इथे नीट मांडते, कारण तेव्हा मला मांडता आलं नाही. तो आबांना भेटायला येणार. भेटीत पहिल्यांदा नाव सांगतात. गुलाबराव म्हटल्याबरोबर त्याला सगळं कळणार, आणि तोवर पुस्तक छापून झालेलं असणार, त्याच्या आणि शास्त्रीबुवांच्या तोंडावर सगळं भोर हसणार. आज सांगितलं तर पुस्तक वाचेल. पण शिफारस जाईल, मास्तरकी जाईल, आणि माझ्यावरचा त्याचा विश्वास जाईल. मग पुन्हा बुधवारी सायकल येणार नाही.

मी म्हणायला हवं होतं: माझं चुकलं, मी आधीच सांगायला हवं होतं, ऐकून घ्या.

मी म्हणाले: "आबांचं नाव गुलाबराव."

लोंबी त्याच्या हातात तशीच राहिली.

खळ्यावर झोडणीचा आवाज चालू होता. त्याने कागदाकडे पाहिलं, मग दाराशेजारच्या झाडाकडे, मग आईकडे. आई सुपाआड बघत होती.

"मावशी नाव घेत नाहीत," तो सावकाश म्हणाला. "म्हणून वासकाटी."

"व्हय," मी म्हणाले.

"आणि बाकीचे आठ?"

"ते माझे."

"तुमचे म्हणजे?"

"म्या केले."

"सगळे?"

"त्यातला सगळ्यात जुना दोन महिन्यांचा हाय."

त्याने कागदाची चौघडी केली. कडा अगदी जुळवून. "मी मावशींना घरधन्याचं नाव विचारलं आणि त्या उठून आत गेल्या. शेंबडं पोरसुद्धा ओळखेल का गेल्या ते. माझ्या आईनं जन्मात माझ्या वडिलांचं नाव घेतलं नाही. आणि मी चिठ्ठीवर ती ओळ कोरी ठेवली. शास्त्रीबुवांचा पहिला नियम आहे, नाव नाही तर शब्द नाही. नंतर भरतो, असं सांगून मी तो मोडला." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "तुम्ही हसत होता का मला?"

"पहिल्या दिवशी. नंतर न्हाई."

त्याने सायकल उचलली, चाकात अडकलेलं गवत काढलं, आणि गेला.

*

बुधवार.

बुधवार.

"आज सायकल न्हाई व्हय?" आई.

"नाही."

"इचारलं नुसतं."

बुधवार.

*

तो आला तेव्हा शुक्रवार होता, म्हणून मी वाट बघत नव्हते. अंगणात भांडी घासत होते. हात राखेने भरलेले, केस सुटलेले. टोपी नव्हती त्याच्या डोक्याला, पायांत वहाणा होत्या, पिंढऱ्यांवर चिखल वाळलेला. शेताला पाटाचं पाणी देऊन आलेला माणूस दिसत होता.

"शास्त्रीबुवांना सांगितलं," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

"काय म्हणाले?"

"आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, नऊच्या नऊ काढ. छापखान्यात जाऊन मीच ते अक्षरांचे खिळे सोडवले. एकेक अक्षर ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचं असतं. दोन दिवस गेले."

"आणि शिफारस?"

"ज्याला दारात उभं राहून घरधन्याचं नाव विचारता येत नाही, तो पोरांना काय शिकवणार, म्हणाले." तो हसला नाही, पण रागावलेलाही नव्हता. "खोटं नाही ते. आता वरव्याला असतो. भावाबरोबर शेतात."

"माझ्यामुळं."

"निम्मं तुमच्यामुळं. निम्मं माझ्यामुळं."

निम्म्याचं ऐकून मला बरं वाटलं की वाईट, हे अजून ठरवता आलेलं नाही. मी राखेचे हात धुतले. तो अजून उभाच होता. म्हणजे हे सांगायला आला नव्हता.

त्याने खिशातून आठ चिठ्ठ्या काढल्या. एकीची कड करपलेली.

"ह्या मागून घेतल्या. टाकूनच द्यायच्या होत्या त्यांना. परका शब्द आहे, त्याचं मूळ आहे, आपला शब्द आहे, गाव आहे. आपल्या शब्दाचं मूळ काही लिहिलेलं नाही." तो आता पायरीवर बसला, माझ्यापासून दोन हात लांब. "मी तिथे खिळे सोडवत होतो, तेव्हा विचार करत होतो. मावशींचा शब्द कुठून आला ते कळलं. नवऱ्यानं दाराशी झाड लावलं, म्हणून. फारसी फूल कुठून आलं ते कळलं. पण हे आठ... खोटा असला तरी शब्द कुठूनतरी येतो, सगुणा. हवेतून येत नाही. मी भांडायला आलेलो नाही. मला मूळ पाहिजे."

आत आईचं जातं चालू होतं. ते थांबलं.

तीन बुधवार मी ह्या प्रश्नाचं उत्तर जुळवत होते. चांगली लांब वाक्यं तयार होती. त्यांतलं एकही आठवलं नाही.

"तुम्ही बुधवारी यावं म्हणून," मी म्हणाले.

त्याने चिठ्ठ्यांतली वरची काढून खाली घातली. मग दुसरी.

"आठही?"

"आठही. उघडणी तर लई घाईत केला. तुम्ही पुलापाशी दिसला तेव्हा."

"मळकाढ्या?"

"तो जरा बरा जमला होता."

"जमला होता," तो म्हणाला. "शास्त्रीबुवांना तोच काढताना जिवावर आला."

मग आम्ही दोघंही हसलो. आधी मी, मग तो, आणि एकदा थांबून पुन्हा. त्याने चिठ्ठ्या पुन्हा खिशात घातल्या. मूळ लिहिलं नाही. दौत आणली नव्हती, आणि मला वाटतं लागणारही नव्हती.

"रविवारी थोरल्या भावाला घेऊन येतो," तो उठताना म्हणाला. "आबांकडे."

"मास्तरकी न्हाई, काही न्हाई. न्हाई म्हनले तर?"

"तर सोमवारी एकटा येईन. मंगळवारी येईन." वरव्याची बोली त्याच्या तोंडी आली ती तेव्हा पहिल्यांदा. "आता मला शास्त्रीबुवांची सुट्टी थोडीच लागतीया? कुठल्याबी वारी येता येतंय."

मी नुसती मान हलवली. होकार म्हणून की ऐकलं म्हणून, हे त्याने विचारलं नाही. पण सायकलीला टांग मारताना तो पायडल चुकला, आणि दुसऱ्यांदाही चुकला.

आतून आईचा आवाज आला, जात्यावरून न उठता.

"रविवारी यायचं तर सकाळच्या पारी या म्हनावं. दुपारचं ते रानात असत्यात."